उत्तर चुकलं की इंग्रजी अडलं? सेमी-इंग्रजीत नव्याने आलेल्या मुलाला शिकवण्याची रीत

आठवीच्या सेमीच्या तुकडीत दरवर्षी हेच होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मराठीत सातवी झालेलं मूल हायस्कुलात येतं. तिथले गुरुजी सांगतात, गणितात हुशार आहे. इथे पहिल्या घटक चाचणीत वीसपैकी सहा मिळतात. आपण शेरा मारतो, ‘पाया कच्चा’. घरचे क्लास लावतात, क्लासमध्ये डायजेस्टमधली उत्तरं पाठ होतात, आणि दिवाळीच्या आत प्रश्न विचारणारं मूल उत्तरं घोकायला लागतं.

यात मुलाची चूक थोडी आणि आपल्या क्रमाची जास्त असते. आपण स्पेलिंग, व्याकरण आणि शब्दार्थ यांपासून सुरुवात करतो. सुरुवात व्हायला हवी ती एका तपासणीने: या मुलाला विषय येत नाही, की प्रश्नाचं इंग्रजी कळत नाही? त्याचा निकाल लागल्याशिवाय दिलेली मदत बहुतेक वेळा चुकीच्या जागी लागते. पुढची रीत गणित आणि विज्ञानाच्या शिक्षकांसाठी आहे, कारण सेमीत हेच दोन विषय इंग्रजीत असतात. इंग्रजीच्या शिक्षकांनाही तिसरा टप्पा उपयोगी पडेल.

टप्पा १: मूल वर्गात बसण्याआधीची तयारी

एकाच पाठाची दोन्ही माध्यमांची पुस्तकं जवळ ठेवा. बालभारतीची गणित-विज्ञानाची मराठी आणि इंग्रजी पुस्तकं पाठाला पाठ जुळतात आणि ई-बालभारतीवर पीडीएफ मोफत मिळतात. सातवीचं मराठी पुस्तकही लागेल. मुलाने ते ज्या शब्दांत शिकलंय ते शब्द आपल्याला माहीत हवेत. आपण स्वतः इंग्रजी माध्यमात शिकलो असू तर ‘लसावि’, ‘परिमिती’, ‘संघनन’ हे शब्द आपल्यालाच अडतात, आणि मग मुलाला पूल कोण दाखवणार?

कोनांचं उदाहरण घ्या. कॉम्प्लिमेंटरी अँगल (बेरीज नव्वद अंश) म्हणजे मराठीत कोटिकोन आणि सप्लिमेंटरी (बेरीज एकशे ऐंशी) म्हणजे पूरक कोन. हिंदी माध्यमात मात्र पूरक म्हणजे नव्वद अंशांची जोडी आणि एकशे ऐंशीची ती संपूरक. तुकडीत मराठी शाळेतलं एक मूल आणि हिंदी शाळेतलं एक मूल असेल, तर ‘पूरक’ या एकाच शब्दावर दोघं वेगवेगळी उत्तरं देतील, आणि आपापल्या जागी दोघंही बरोबर असतील.

मग पाठातल्या शब्दांच्या याद्या करा. याद्या तीन, एक नव्हे.

पहिली पारिभाषिक शब्दांची: इव्हॅपोरेशन, फ्रिक्शन, डिनॉमिनेटर. ही सगळे करतात आणि हिची गरज सगळ्यांत कमी असते, कारण हे शब्द पुस्तकात ठळक छापलेले असतात आणि वर्गातल्या सगळ्यांनाच नवे असतात.

दुसरी यादी ओळखीच्या चेहऱ्याच्या, पण इथे वेगळ्या अर्थाच्या शब्दांची. टेबल, प्रॉडक्ट, व्हॉल्यूम, मीन, ऑड, पॉवर, वर्क, सोल्यूशन, रूट. मुलाला ‘व्हॉल्यूम’ टीव्हीच्या रिमोटवरून माहीत असतो, त्यामुळे ते विचारत नाही. कळलं असं समजून पुढे जातं.

तिसरी यादी प्रश्नातल्या हुकमी (काय करायचं ते सांगणाऱ्या) आणि जोड शब्दांची: स्टेट, व्हेरिफाय, डिस्टिंग्विश, हेन्स, ईच, अनलेस, अ‍ॅट लीस्ट, अ‍ॅट मोस्ट, रिस्पेक्टिव्हली. सर्वाधिक गुण इथे जातात. ‘स्टेट’ म्हणजे राज्य हे मुलाला भूगोलातून पक्कं ठाऊक असतं, पण ‘स्टेट न्यूटन्स फर्स्ट लॉ’ वाचून ते थांबतं. ‘अ‍ॅट लीस्ट थ्री’मध्ये त्याला ‘लेस’ ऐकू येतं आणि ते तीनपेक्षा कमी घेतं. हे शब्द कोणत्याच पाठाच्या शेवटी दिलेले नसतात आणि कोणत्याही तासाला शिकवले जात नाहीत. गणिताचे शिक्षक म्हणतात हे इंग्रजीचं काम, इंग्रजीचे म्हणतात हे आमच्या पुस्तकात नाही.

शेवटी एक साधी वही. पानावर चार रकाने: प्रश्न (जसा विचारला तसाच), मुलाने काय केलं, तोच प्रश्न मराठीत विचारल्यावर काय झालं, कारण. चौथा रकाना लगेच भरू नका. आठवड्याच्या शेवटी भरा.

*इशारा: वहीत मुलाचे गुण लिहू नका. एकदा गुण लिहिले की आपण फक्त तेच वाचतो.*

टप्पा २: दोनदा विचारा

सातवीच्या पाठांवरचे आठ-दहा प्रश्न घ्या, आठवीचे नकोत. आज ते इंग्रजीत लेखी द्या. दोन-तीन दिवसांनी तेच प्रश्न आकडे बदलून मराठीत, तोंडी, एकट्याला बसवून विचारा. मधल्या सुट्टीत किंवा परिपाठानंतरची दहा मिनिटं पुरतात. याला चाचणी म्हणू नका, वर्गासमोर करू नका.

निकाल चार प्रकारचे येतात. दोन्हीकडे बरोबर असेल तर काही करायचं नाही. इंग्रजीत चूक आणि मराठीत बरोबर असेल तर विषय येतोय, भाषा अडतेय. दोन्हीकडे चूक असेल तर तो विषयच पुन्हा शिकवावा लागेल, आणि तो आधी मराठीत. कच्ची संकल्पना परक्या भाषेत पक्की होत नाही.

चौथा प्रकार कुणी तपासतच नाही: इंग्रजीत बरोबर, मराठीत चूक. हे मूल प्रश्न न वाचता खुणेवर चाललेलं असतं. ‘टोटल’ दिसलं की बेरीज, ‘लेफ्ट’ दिसलं की वजाबाकी, ‘ईच’ दिसलं की गुणाकार. सोप्या प्रश्नांत ही युक्ती चालते, म्हणून ते हुशार वाटतं, आणि प्रश्न दोन पायऱ्यांचा झाला की कोसळतं. चारही प्रकारांत सर्वांत आधी लक्ष द्यायचं ते या मुलाकडे.

इथे थांबून आणखी दोन गोष्टी पाहा.

एक, मुलाच्या घरी मराठी बोलतात का? मेळघाटातल्या कोरकू घरातलं, नंदुरबारच्या भिली किंवा पावरी बोलणाऱ्या घरातलं मूल मराठीसुद्धा शाळेतच शिकलेलं असतं. त्याच्यासाठी इंग्रजी ही तिसरी भाषा. खानदेशात घरी अहिराणी असते. अशा वेळी ‘मराठीत विचारलं तरी आलं नाही’ याचा अर्थ ‘विषय येत नाही’ असा होत नाही. आकृती, वस्तू, हाताने करून दाखवणं यांवर जा. त्याच गावचा मुलगा वर्गात असेल तर त्याला त्यांच्या बोलीत विचारू द्या.

दोन, शाळा सुटली होती का? ऊसतोडीच्या हंगामात दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर गेलेलं मूल उन्हाळ्यातच गावी परततं. त्याचे अर्धे पाठ झालेलेच नसतात. तो प्रश्न भाषेचाही नाही आणि बुद्धीचाही नाही. सरळ विचारा: हा पाठ शिकवला तेव्हा तू शाळेत होतास का?

*इशारा: इंग्रजी वाक्य संपताच त्याच दमात मराठी अर्थ सांगू नका. मूल आठवड्याभरात शिकतं की इंग्रजी ऐकायची गरज नाही, मागून मराठी येतंच.*

टप्पा ३: चुका वाचायला शिका

हा टप्पा सर्वांत जास्त वेळ घेतो आणि शिक्षकाला सर्वांत जास्त शिकवतो. मुलाच्या चुका ढिसाळपणाच्या नसतात. बहुतेकांमागे मराठीचा पक्का नियम असतो.

*वजाबाकीचा क्रम.* ‘सबट्रॅक्ट फाइव्ह फ्रॉम ट्वेल्व्ह’ यावर मूल ५ − १२ लिहितं. मराठीत ‘१२ मधून ५ वजा करा’ म्हणतो, म्हणजे आकडे ज्या क्रमाने ऐकू येतात त्याच क्रमाने लिहायचे. ‘फाइव्ह लेस दॅन अ नंबर’चं तेच: क्ष − ५ ऐवजी ५ − क्ष. बीजगणितात ही चूक दिसली की आपण ‘चिन्हांचा गोंधळ’ असा शेरा देतो. चिन्हं त्याला येतात, क्रम उलटा झालाय.

*संख्या ऐकणं.* सत्तेचाळीसमध्ये सात आधी आणि चाळीस नंतर, फॉर्टी-सेव्हनमध्ये उलट. तोंडी सांगितलेले आकडे उतरवताना काही मुलं ७४ लिहितात. ‘थर्टी-नाइन’ला एकोणतीस म्हणणारी तर प्रत्येक तुकडीत सापडतात, कारण थर्टी म्हणजे तीस हे डोक्यात असतं आणि एकोणचाळीसमध्ये चाळीस असतो. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘सत्तर दोन’ असं, म्हणजे इंग्रजीसारखं दशक आधी घेणारं संख्यावाचन आणलं तेव्हा बराच गदारोळ झाला होता. त्या वर्षी दुसरीत असलेली मुलं २०२५-२६ मध्ये आठवीत होती, आणि त्यांच्या तिसरी-चौथीचा बराच भाग कोविडमुळे बंद शाळांत गेला. उपाय सोपा आहे: संख्या तोंडी सांगितली की फळ्यावरही लिहा. महिनाभर.

*बाय, टू, फ्रॉम.* तापमान २० अंश आहे. ‘इनक्रीझ्ड टू थर्टी’ म्हणजे आता ३०, ‘इनक्रीझ्ड बाय थर्टी’ म्हणजे आता ५०. मराठीत ‘पर्यंत’ आणि ‘ने’ हे शब्दाच्या शेपटाला येतात, त्यामुळे मुलाची नजर नामाच्या मागे शोधते. इंग्रजीत तो शब्द आधी येतो, बारीक असतो, आणि वाचताना गळतो. गणित-विज्ञानात असे शब्द अधोरेखित करायची सवय लावा.

*कोणी कोणाला.* ‘चुंबक लोखंडाला ओढतं’ आणि ‘लोखंडाला चुंबक ओढतं’, दोन्ही एकच. मराठीत प्रत्यय सांगतो कोण करतंय, जागा बदलली तरी चालतं. इंग्रजीत जागाच सगळं सांगते. म्हणून ‘आयर्न इज अ‍ॅट्रॅक्टेड बाय अ मॅग्नेट’ वाचून मूल लोखंडाला कर्ता करून मोकळं होतं. अशा वाक्यापुढे बाण काढायला लावा: ओढणारा कोण, ओढलं जाणारं कोण.

*हो आणि नाही.* ‘डिडन्ट यू ब्रिंग द नोटबुक?’ असं विचारलं की मूल ‘येस सर’ म्हणतं. आपण म्हणतो, मग दाखव. ते गप्प. आपण चिडतो. मराठीत ‘वही नाही आणलीस का?’ला ‘हो, नाही आणली’ हे सरळ उत्तर आहे. वर्गातली निम्मी ‘उद्धट’ मुलं अशीच तयार होतात. नकारार्थी प्रश्न विचारणं सोडा, एवढंच.

‘माय फादर आर फार्मर’ ही चूकही आदरातून आलीय, बाबा ‘आले’ म्हणतो तसं. पण विज्ञानाच्या तासाला ती सोडून द्या. ‘द’ आणि ‘अ’ गळणं, ‘आय अ‍ॅम नोइंग’, सगळं सोडून द्या. अर्थ बदलणाऱ्या चुका आपल्या, बाकीच्या इंग्रजीच्या तासाच्या.

पडताळा: वहीच्या चौथ्या रकान्यात ‘दुर्लक्ष’, ‘कच्चा’, ‘अभ्यास नाही’ असे शब्द आले असतील तर कारण अजून सापडलेलं नाही.

टप्पा ४: तासाचा क्रम उलटा करा

नेहमीचा क्रम असा असतो: परिच्छेद वाचायचा, ओळीओळीचं मराठी करायचं, मग प्रश्नोत्तरं लिहून द्यायची. याने मूल मराठी ऐकतं आणि इंग्रजी उतरवतं. दोन्हींची गाठ पडत नाही.

आठवीच्या ‘बल व दाब’ या पाठावर क्रम असा लावा.

१. वस्तू. एका मुलाचं दप्तर घ्या. आधी रुंद पट्ट्यांनी खांद्यावर द्या, मग त्याच दप्तराला सुतळी बांधून द्या. पुस्तक मिटलेलंच राहू द्या.

२. मराठीत बोलणं. काय झालं? ‘सुतळी रुतते.’ वजन वाढलं का? ‘नाही.’ मग? ‘जागा कमी झाली.’ संकल्पना इथेच पूर्ण झाली. ज्या मुलाने अजून इंग्रजीत चकार शब्द काढलेला नाही तेही यात सामील असतं. घाई करू नका. प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजा. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांत पाहिलं होतं की शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबतात, गप्प मुलं बोलू लागतात. दुसऱ्या भाषेत विचार करणाऱ्याला हे तीन सेकंद आणखीच लागतात.

३. शब्द आणि साचा. आता फळ्यावर फोर्स, एरिआ, प्रेशर. खाली वाक्याचा साचा: ‘व्हेन एरिआ डिक्रीझेस, प्रेशर ____.’ दुसरा: ‘प्रेशर इज मोअर बिकॉझ ____.’ मुलाने फक्त रिकामी जागा बोलायची. नंतर पूर्ण वाक्य. सुटे शब्द देऊन वाक्य कर म्हणणं ही इथली ठरलेली चूक. वाक्याचा सांगाडाच त्याच्याकडे नसतो.

४. आता वाचन. जोड्या करा. पुस्तकातला परिच्छेद या वेळी ओळखीचा वाटतो, कारण त्यात काय असणार हे आधीच माहीत आहे.

५. लेखन सर्वांत शेवटी. दोन वाक्यं पुरेत. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ हे सूत्र त्यानंतर.

असा तास दहा मिनिटं जास्त खातो. अभ्यासक्रम संपवायच्या धावपळीत प्रत्येक पाठाला हे जमणार नाही. जिथे संकल्पना नवी आहे तिथे करा, बाकी पाठ नेहमीसारखे होऊ द्या.

*इशारा: पहिले काही महिने मूल बोललंच नाही तर घाबरू नका आणि उभं करून बोलायलाही लावू नका. ऐकणं आधी येतं. बोट दाखवणं, आकृती काढणं, बरोबर-चूकसाठी अंगठा वर-खाली करणं, यांतून कळतंय की नाही ते पाहता येतं.*

टप्पा ५: तपासणी आणि गुण

एका वेळी एकच प्रकारची चूक दुरुस्त करा. या आठवड्यात ‘बाय’ आणि ‘टू’ असेल तर बाकी लाल शाई बंद. पानभर खुणा पाहिल्या की मूल पुढच्या वेळी कमी लिहितं, कारण कमी लिहिलं की चुका कमी.

आठवीपर्यंत आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनात तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम ही साधनं आहेतच. तिथे संकल्पना मराठीत सांगितली तरी गुण द्या, आणि मुख्याध्यापकांना हे आधी सांगून ठेवा. लेखी परीक्षेत मात्र उत्तर इंग्रजीतच द्यायचंय हे मुलाला पहिल्या महिन्यातच कळलं पाहिजे. ते लपवणं म्हणजे दया नव्हे.

टप्पा ६: घरच्यांशी बोलणं

पालकसभेत ‘घरी इंग्रजीत बोला’ हा सल्ला देऊ नका. ज्या आईला ती भाषा येत नाही तिला आपण मुलाच्या अभ्यासातून बाहेर काढतो. त्याऐवजी सांगा: रोज एक पाठ तुमच्या भाषेत समजावून सांगायला लावा, आणि न कळलेलं विचारा. मूल जे मराठीत, अहिराणीत किंवा कोरकूत समजावू शकतं ते त्याला आलंय.

क्लासबद्दल विचारलं तर एवढंच सांगा, की पाठांतर करून घेत असतील तर थांबवा. पटलं तर ऐकतील.

टप्पा ७: वही आडवी वाचा

महिन्याअखेर वही काढा आणि मुलानुसार न वाचता प्रश्नानुसार वाचा. एकाच प्रश्नावर तीन-चार मुलं अडली असतील, तर आधी प्रश्न तपासा. बहुतेक वेळा वाक्य लांब असतं, दोन अटी एकात घुसवलेल्या असतात, किंवा विचारलेली गोष्ट शेवटी येते. असा प्रश्न तोडून लिहा. आधी माहिती, एका वाक्यात एकच गोष्ट. मग वेगळ्या ओळीवर प्रश्न. नव्या रूपात मुलांना जमला तर अडचण कुठे होती ते कळलं.

फळाही पाहा. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या कित्येक मुलांनी सुटी, छापील वळणाचीच इंग्रजी अक्षरं वाचलेली असतात. आपलं जोडून लिहिलेलं इंग्रजी त्यांना उलगडतच नाही, आणि ती तसं सांगत नाहीत. ‘एल.एच.एस.’ आणि ‘आर.एच.एस.’ आपण सवयीने लिहितो, पण डावी बाजू आणि उजवी बाजू हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मागच्या बाकावर बसून आपलाच फळा एकदा वाचून पाहा.

या वाचनातून दरवेळी थोडं आपलंच टाचण बदलतं. आणि तोडून लिहिलेला प्रश्न पहिलीपासून सेमीत असलेल्या मुलांनाही बरा जातो.

टप्पा ८: आधार कधी काढायचा

मूल मैदानावर ‘पास द बॉल’, ‘आउट आहे’, ‘सर मे आय’ करू लागलं की आधार काढून टाकण्याचा मोह होतो. थांबा. कॅनडातले संशोधक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून मांडल्या. स्थलांतरित मुलांबद्दलच्या त्यांच्या कामातून दिसलं की पहिली साधारण दोन वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात वर्षं लागतात. तिथे तर शाळेबाहेरही इंग्रजी कानावर पडत होतं. आपल्याकडे आठवीत आलेल्या मुलाच्या हातात दहावीपर्यंत तीनच वर्षं असतात.

म्हणून आधार एकदम काढू नका, क्रमाने काढा. आधी पारिभाषिक शब्दांचं मराठी थांबवा, ते मुलांना लवकर येतात. मग वाक्याचे साचे लहान करत न्या: रिकामी जागा, मग नुसता पहिला शब्द, मग काहीच नाही. हुकमी शब्दांची यादी भिंतीवर वर्षभर राहू द्या. नव्या संकल्पनेवर मराठीत बोलणं तर काढूच नका, ते दहावीतही लागेल.

पडताळा: न पाहिलेला प्रश्न द्या आणि सोडवायला न सांगता ‘काय विचारलंय ते मराठीत सांग’ म्हणा. सलग तीन आठवडे वेगवेगळ्या पाठांवर हे जमलं, तर त्या मुलाचा दुसरा टप्पा बंद करा.

मार्चमध्ये नववीच्या शिक्षकाला त्या मुलाचं एक पान द्या. त्यावर तीनच नोंदी: घरची भाषा कोणती, कोणत्या चुका अजून होतात, आणि कसं विचारलं की उत्तर येतं. सहामाहीचे गुण त्यांना निकालपत्रकात मिळतीलच.